पळायचं ठीक, थांबायचं काय?

जुनी मोटारसायकल घेऊन चौकात उभं राहिलं की माणसं आपोआप जवळ येतात. प्रश्न ठरलेले असतात. मॉडेल कुठलं? ॲव्हरेज काय देते? पार्ट मिळतात का? देणार आहे का? एखादे वयस्कर गृहस्थ टाकीवरून हात फिरवत 'आमच्या थोरल्या भावाकडं हीच होती' म्हणतात, आणि मग त्या भावाची नोकरी, त्याचं लग्न, लग्नानंतर गाडी का विकावी लागली, हे सगळं आपल्याला उभ्या उभ्या ऐकून घ्यावं लागतं. कॉलेजची पोरं 'काका, एकदा रेस करा की' म्हणून हट्ट धरतात. क्रोम कुठं मारलं, रंग कुणी दिला, सीट कुणी शिवली, याची चौकशी करणारे तर सोयरीक जमवायला आल्यासारखे खोलात शिरतात. 'ही थांबते का?' हा प्रश्न मात्र आजवर एकानंही विचारलेला नाही.

शौकीन मंडळींचीही तीच तऱ्हा. इंजिनासाठी परदेशातून पिस्टन मागवतील. टाकीवरच्या सोनेरी रेघा ओढायला, हात न थरथरणारा पेंटर तीन जिल्ह्यांत हुडकतील. सायलेन्सरचा आवाज 'ओरिजिनल' यावा म्हणून आतल्या जाळीवरून दोन जुने दोस्त वर्षभर एकमेकांशी बोलणार नाहीत. आणि हा सगळा थाट वेळेला जागच्या जागी उभा करणारी वस्तू घ्यायची वेळ आली की तीच मंडळी म्हणतील, 'असंल तो लायनर टाक की मिस्त्री. आपण कुठं जोरात मारतोय?' जोरात मारायची नव्हती तर ही गाडी कशाला घेतली, हे विचारायचं नसतं. शौकात तर्क आणला की शौक बसतो.

माझी गाडी राजदूत 350. राजदूत म्हटलं की लोकांना दूधवाल्याची 175 आठवते. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून, कुठल्याही शेताच्या बांधावरून जाणारी. ही ती नव्हे. कोल्हापुरात हिला कुणी राजदूत म्हणतही नाही, 'आरडी' म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात. यामाहाच्या आरडी 350 बी या गाडीवरून एस्कॉर्ट्सनं ती 1983 साली आपल्याकडं आणली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, 347 सीसी, सहा गिअर. त्याच वर्षी 'हीरो' चित्रपटात जॅकी श्रॉफ तिच्यावर बसला आणि देशातल्या एका पिढीच्या वडिलांची झोप उडाली.

आता गोम अशी, की जपानी आरडीची ताकद होती 39 अश्वशक्ती. आपल्याकडं येताना ती 30.5 झाली, आणि पुढं पेट्रोल वाचावं म्हणून काढलेल्या मॉडेलात 27. हे ठीक. आपल्याला येताना सगळंच थोडं कमी येतं. पण जपानी गाडीच्या पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक होता. होंडानं 1969 साली सीबी 750 ला पुढं डिस्क दिल्यापासून मोठ्या गाड्यांत ती रीतच पडत चालली होती. आपल्याकडं पोचेपर्यंत ती डिस्क वाटेत कुठंतरी गळाली आणि जागी 7 इंची ड्रम आला. किंमत आवाक्यात राहावी म्हणून, असं सांगतात. म्हणजे पळण्यातलं थोडं कापलं आणि थांबण्यातलं पुष्कळ. आरडी या दोन अक्षरांचा 'रॅपिड डेथ' असा विस्तार त्या काळच्या पोरांनी केला तो उगीच नव्हे.

गाडी व्हिंटेज आहे का, हाही एक वादाचा मुद्दा आहे. सरकारनं 2021 साली नियम केला त्याप्रमाणे 50 वर्षांहून जुनी गाडीच व्हिंटेज. तिला वेगळी नंबरप्लेट, नोंदणीची फी 20 हजार, आणि रोजच्या वापराला मनाई. माझी गाडी 1985 ची. म्हणजे 2035 पर्यंत ती सरकारदरबारी नुसतीच जुनी आहे. ही मनाई वाचून मला हसू आलं, कारण जुनी मोटारसायकल रोज वापरणं ही गोष्ट मालकाच्या हातात असते, असं ज्या अधिकाऱ्याला वाटलं त्यानं ती कधी पाळलेली नसणार.

तर, ब्रेक लायनर. ज्यांना या प्रकरणाशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक पातळ तबकडी फिरते आणि दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या पोटात एक पोकळ डबा असतो, त्यात अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात, शूच्या पाठीवर लायनर चिकटवलेला असतो. ब्रेक दाबला की शू फाकतात आणि लायनर डब्याला आतून घासतो. डिस्कचा सगळा व्यवहार चव्हाट्यावर चालतो, ड्रमचा बंद दाराआड. म्हणून डिस्कचं दुखणं दिसतं आणि ड्रमच्या दुखण्यावर नुसत्या अफवा उठतात.

पार्टच्या दुकानात गेलो. मालकांनी चष्म्यावरून गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि विचारलं, "कंपनीचा देऊ, का चालणारा देऊ?"

"कंपनीचा चालत नाही?"

"कंपनी काढत न्हाई आता ह्ये मॉडेल. तवा कंपनीचा म्हणून जो काय इल त्यो कुणाचा हाय, ह्ये आमालाबी म्हाईत नसतंय."

असा स्पष्टवक्ता दुकानदार भेटणं ही कोल्हापूरची पुण्याई. त्यांनी काउंटरवर ओळीनं माल मांडला. एक लाल खोक्यातला, त्यावर इंग्रजीत 'ओरिजिनल' लिहिलेलं, स्पेलिंगमध्ये एक आय कमी. एक खोक्याविना, कागदात गुंडाळलेला, जो 'दिल्ली माल' होता. एक जुन्याच शूवर नवा लायनर चिकटवून घेतलेला. आणि शेवटी, मागच्या फळीवरून, धूळ न झटकता, दोन्ही हातांनी त्यांनी जे खोकं खाली काढलं ते पाहून दुकानातले बाकीचे दोन गिऱ्हाईक गप्प झाले. सील पॅक. तेव्हाचा. चाळीस वर्षं न उघडलेला.

या सील पॅक मालाविषयी बोललंच पाहिजे, कारण जुन्या गाड्यांच्या जगात याच्याइतकी भक्ती देवाच्याही वाट्याला येत नाही. लोक असलं खोकं दहापट किमतीला घेतात, काचेच्या कपाटात ठेवतात, पाहुण्यांना दुरून दाखवतात. माझं म्हणणं एवढंच, की त्याची योग्य जागा तीच. लायनर शूला चिकटवलेला असतो तो एका प्रकारच्या गोंदानं, आणि चाळीस उन्हाळे पत्र्याच्या छपराखाली काढलेल्या गोंदाचा भरवसा धरता येत नाही. चालत्या गाडीत लायनर सुटला आणि ड्रममध्ये अडकला तर चाक जागच्या जागी आवळतं. गाडी थांबत नाही ही तक्रार तेव्हा कायमची मिटते, बऱ्याचदा तक्रारदारासकट.

मी लायनर उलटासुलटा करून त्याच्या कडेवर छापलेली अक्षरं शोधत होतो. चांगल्या लायनरच्या कडेला एक सांकेतिक ओळ असते आणि तिच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं. हा अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचा संकेत. पहिलं अक्षर थंड असतानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. वरच्या वर्गातला माल हवा म्हणून डोळे झाकून जी उचलू नये. जास्त पकडणारा लायनर जुन्या ड्रममध्ये एकदम चावतो, आणि ओल्या रस्त्यावर पुढचं चाक चावलं तर पुढचा मजकूर वर्तमानपत्रात येतो. खरी मेख दुसऱ्या अक्षरात आहे. पहिलं चांगलं आणि दुसरं पडकं असेल तर तो लायनर दसरा चौकात रुबाबात थांबवतो आणि करूळ घाटात, गगनबावड्याहून वैभववाडीकडं उतरताना, तिसऱ्या वळणावर राजीनामा देतो. मालकांनी मला भिंगाविना अक्षरं शोधताना पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, लायनर घेताय का पत्रिका बघताय?"

लायनर न घेताच बाहेर पडलो, कारण अजून सल्लागार बाकी होते.

बुलेटवाल्यांकडं ब्रेकचा सल्ला मागू नये. त्यांचा स्वभावच थांबण्याचा नाही, हळूहळू विझण्याचा आहे. आमच्या बुलेटवाल्या मित्रानं सांगितलं, "भावा, ब्रेकपेक्षा अंदाज महत्त्वाचा. समोरचं दिसलं की गॅस सोडायचा. हितं सोडला की गाडी पुढच्या चौकात हुबी ऱ्हातीया." त्याची गाडी जुन्या घडणीची, म्हणजे गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. आरडीचं नेमकं उलटं. एकदा हौसेनं आम्ही गाड्या बदलून रंकाळ्याला चक्कर मारली. त्यानं सवयीनं ब्रेक समजून डावा पाय दाबला की माझी आरडी एक गिअर खाली उतरून किंचाळायची, पण त्या निमित्तानं हळू तरी व्हायची. बुलेटचा पहिला गिअर वर आणि बाकीचे सगळे खाली. त्यामुळं मी ब्रेक समजून उजवा पाय दाबला की बुलेट वरच्या गिअरमध्ये जाऊन आणखी निवांत पुढं निघायची. समोर म्हैस होती. तिनं सगळं ओळखून रस्ता सोडला.

येझदीवाल्यांचं दुःख निराळं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभरचे जावा-येझदीवाले आपला दिवस साजरा करतात, आणि त्या दिवशी त्यांच्याशी ब्रेकविषयी बोललं तर डोळ्यांत पाणी येतं. त्यांचा प्रश्न घाटाचा. फोर-स्ट्रोकवाला उतारावर खालचा गिअर टाकतो आणि इंजिनाच्याच ओढीनं गाडी आवरतो. टू-स्ट्रोकला ही ओढ मुळात कमी. त्यात येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. उतारावर ॲक्सिलरेटर बंद केला की पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद, आणि इंजिन मात्र चाकाच्या जोरावर फिरतंय. पिस्टन कोरडा पडून जाम व्हायची भीती. म्हणून जाणता येझदीवाला अंबा घाट उतरताना मधूनमधून उगीचच ॲक्सिलरेटर देतो. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरला वाटतं, हा माणूस उतारावर, वळणावर, ट्रकच्या मागं असताना वेग वाढवतोय! त्याच्या जिवाची घालमेल पिस्टनला काय कळणार. आरडीला ऑइलचा वेगळा पंप आहे, त्यामुळं आमची या तिढ्यातून निम्मी सुटका होते. निम्मीच, कारण पिस्टन वाचला तरी थांबायचं लायनरनंच.

मग उरले डिस्कवाले. हा पंथ जोरात आहे. यांचं म्हणणं, ड्रम उपटून टाका, दुसऱ्या एखाद्या गाडीचं पुढचं चाक, फोर्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणा, बसवा, विषय संपला. विषय संपत नाही, नवीन सुरू होतो. आता पॅड कुठले? ऑरगॅनिक पॅड मऊ, आवाज न करणारे, डिस्कला सांभाळून घेणारे, पण पावसात पहिल्या चिमटीला जरा विचार करतात. सिंटर्ड म्हणजे धातूची भुकटी तापवून, दाबून केलेले. ते ओल्यातही पकडतात, पण डिस्क मऊ असेल तर पॅडऐवजी डिस्कच संपते. दोन्हींच्या मधले सेमी-मेटॅलिक, ज्यांची शिफारस प्रत्येक दुकानदार करतो, कारण तेच त्याच्याकडं शिल्लक असतात. शिवाय ब्रेक ऑइलचा एक ओघळ टाकीवर आला, की तो हात न थरथरणाऱ्या पेंटरनं ओढलेल्या सोनेरी रेघा सालीसारख्या निघून येतात. कारखान्यानं दिलेल्या गाडीत असला फेरफार आरटीओला चालतो का, हा प्रश्न या पंथात विचारत नाहीत. विचारला तर चहा मिळत नाही.

डिस्कवाल्यांचा आणि ओरिजिनलवाल्यांचा वाद ऐकण्यासारखा असतो. ओरिजिनलवाला म्हणतो, ड्रम काढलास म्हणजे गाडी बाटवलीस. डिस्कवाला म्हणतो, जपानात हिला डिस्कच होती, म्हणजे मी हिला माहेरच्या वळणावर आणतोय, बाटगी तुझीच. दोघांचंही बरोबर आहे. मी दोन्ही बाजूंचा चहा घेतो.

या सगळ्या शास्त्राचा उगमही ऐकण्यासारखा आहे. इंग्लंडात डर्बीशायर नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथले गाडीवान उतारावर घोडागाडी आवरायला चाकाच्या ठोकळ्याला जुने बूट ठोकत असत, असं सांगतात. हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थानं ते पाहिलं, यापेक्षा बरं काही निघेल म्हणून खटपट केली, आणि 1897 च्या सुमारास ब्रेकच्या मालाचा जो उद्योग सुरू केला त्यातून पुढं फेरोडो कंपनी उभी राहिली. ही हकीकत वाचून मी हळहळलो. कातड्याच्या बाबतीत जगाला चार गोष्टी शिकवणारं आमचं गाव, घाटही आमच्याकडं हवे तेवढे, आणि हा धंदा इंग्रजानं नेला! अर्थात परंपरा आम्ही सोडलेली नाही. सिग्नलला दोन्ही पायांतल्या कोल्हापुरी चपला रस्त्याला घासत गाडी आवरणारे आरडीवाले मी या डोळ्यांनी पाहिलेत. त्यांच्या चपलांचे तळ दर सहा महिन्यांनी बदलतात. लायनर तोच.

शेवटी मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला सांगितलं पाहिजे, की उद्यमनगर म्हणजे लेथ आणि फाउंड्र्यांची वस्ती. तिथं लोखंडाचं काहीही करून मिळतं आणि करताना तुमचं काय चुकलं हेही सांगितलं जातं, दुसऱ्याचे पैसे पडत नाहीत. एका लेथवाल्या काकांकडं मी गाडी घेऊन गेलो. ते बोलत नव्हते. गाडीच्या बाबतीत न बोलणारा माणूस या जिल्ह्यात पहिल्यांदाच भेटल्यामुळं मी आदरानं बाकावर बसलो.

काकांनी खिशातून शाळेतला खडू काढला. लायनरच्या पाठीला फासला, शू जागेवर बसवले, ब्रेक हलका आवळला आणि चाक हातानं फिरवलं. मग उघडून दाखवलं. गाडीतला लायनर अजून नव्यासारखाच, पण खडू पुसला गेला होता तो दोन्ही टोकांना, बोटभर. मधला सगळा पांढरा तसाच. म्हणजे एवढ्या मोठ्या लायनरपैकी ड्रमला शिवत होता तो बोटभर तुकडा. बाकीचा नुसता बघ्या.

"ह्येला गाडी थांबवायला सांगतोस व्हय?" काका पहिल्यांदा बोलले.

मग त्यांनी ड्रमवर बोट फिरवलं आणि ड्रम लेथला लावला. पात्याचा आवाज एका बाजूला येतो, दुसऱ्या बाजूला येत नाही. ड्रम अंडाकृती झालेला. अंडाकृती ड्रममध्ये ब्रेक दाबला की लिव्हर बोटांखाली धडधडतो, आणि मालक सांगत सुटतो, 'जुन्या गाडीला नाडी असतेय.' काकांनी हलका हात फिरवून ड्रम गोल केला, लायनर त्या गोलाईला घासून बसवला, लायनरची पुढची कड किंचित उतरती केली, म्हणजे तो खेकसत नाही. पुन्हा खडू. आता पांढरं जवळजवळ सगळीकडून गेलं होतं.

पण खरा गुन्हेगार सापडला तो बाहेरच्या बाजूला. आरडीच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं धावून जाणारे असतात. चाकच त्यांना आत खेचून घेतं, म्हणून थोड्या दाबात जास्त पकड मिळते. त्यासाठी दोन शूंचे दोन वेगळे कॅम, आणि त्या दोघांना जोडणारी एक छोटी सळी. सळीची लांबी जमली नाही तर एक शू आधी टेकतो, दुसरा नंतर, किंवा टेकतच नाही. म्हणजे कित्येक आरडी वर्षानुवर्षं अर्ध्याच ब्रेकवर फिरतात आणि शिव्या खातो लायनर. कुठल्याशा गॅरेजात माझी ती सळी कुणीतरी अंदाजानं आवळलेली होती. कॅमला ग्रीसही सढळ हातानं चोपडलं होतं. ते तापून वितळतं आणि लायनरवरच उतरतं. काकांनी सगळं पुसून बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस लावलं. दोन्ही शू एका क्षणी टेकतील अशी सळी बसवली, आणि ब्रेक दाबून धरायला लावून मगच ॲक्सलचा नट आवळला, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. हे सगळं करून त्यांनी जो दर सांगितला त्यात आमच्या मंडळींच्या गाडीचा एक आरसासुद्धा क्रोम होत नाही.

मी शेवटी विचारलंच, "काका, पुढच्या वेळी लायनर मात्र कुठला घ्यायचा?"

"ताजा. मध्यम. आणि ॲस्बेस्टॉसचा नको." एवढंच म्हणून ते दुसऱ्या कामाला लागले. महिनाभर मी जे ऐकलं होतं त्याचं सार चार-पाच शब्दांत आटोपल्यामुळं मला थोडं लुटल्यासारखंच वाटलं.

ॲस्बेस्टॉसचं मात्र त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, मीही नेत नाही. जुन्या लायनरमध्ये तो असायचाच. उष्णता सहन करतो, स्वस्त पडतो, आणि त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसली की कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊन वर येते. ब्रिटननं 1999 साली त्यावर बंदी घातली. आपल्याकडं अजूनही गॅरेजात ड्रम उघडला की मिस्त्री एअरची नळी धरून फुस्सकन सगळी धूळ उडवतो, आणि आपण शेजारी उभं राहून कटिंग पीत असतो. जुना ड्रम उघडताना हवा मारू देऊ नका. ओल्या फडक्यानं पुसायला सांगा. तो हसेल, हसू दे.

आता ब्रेक लागतो. लागतो म्हणजे ड्रमला जितका लागावा तितका. निसर्गाचे काही नियम काकांच्या लेथच्याही पलीकडले आहेत. लांब उतारावर ड्रम तापला की फुगतो, फुगला की लायनरपासून दूर जातो, आणि लिव्हर मुठीकडं सरकत येतो. डिस्क तापून फुगली तर उलट पॅडच्याच दिशेनं येते. दोघांच्या स्वभावातला हा फरक कुठल्याही लायनरनं मिटत नाही. शिवाय पुढं जाताना चाकाच्या ओढीनं आत खेचले जाणारे ते दोन्ही शू गाडी मागं घरंगळू लागली की तितक्याच एकमतानं अंग काढून घेतात. रविवारी पन्हाळ्याच्या चढावर, नाक्याच्या रांगेत, पुढचा ब्रेक जिवाच्या करारानं आवळून धरलेला असताना आरडी हळूहळू मागच्या मोटारीच्या बंपरकडं सरकते. मोटारीतले लोक आधी फोटो काढत असतात, मग हॉर्न वाजवतात.

माझ्या भाचीकडं 110 सीसीची स्कूटर आहे. 2019 साली नव्या दुचाक्यांना 125 सीसीपर्यंत निदान कॉम्बी ब्रेक आणि त्यावर एबीएस देणं कायद्यानं सक्तीचं झालं. तिनं एक लिव्हर दाबला की दोन्ही चाकं आपापसात ठरवून थांबतात. तिला लायनर म्हणजे काय हे माहीत नाही, माहीत व्हायची गरजही पडणार नाही. परवा ती माझ्या मागं बसून गंगावेशीपर्यंत आली. उतरल्यावर म्हणाली, "मामा, गाडी नाद खुळा आहे. पण सिग्नल यायच्या आधी तुम्ही डोळे का बारीक करता?"

ज्यांच्याकडं अशी गाडी आहे त्यांना माझं सांगणं स्पष्ट आहे. खोक्यावरच्या नावासाठी भांडू नका. ताजा चिकटवलेला, तापल्यावरचंही अक्षर निदान एफ असलेला, ॲस्बेस्टॉस नसलेला लायनर घ्या आणि उरलेले पैसे लेथवाल्याला द्या. बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर तो ड्रमला रुळेपर्यंत घाटाचं नाव काढू नका. केबल बदला, ती शंभरदीडशे रुपयांची वस्तू आहे आणि तिच्यावर तुमचा जीव लोंबतोय.

आणि ज्यांच्याकडं अशी गाडी नाही, पण जे रस्त्यावर आमच्या मागं येतात, त्यांना एक विनंती. पुढं चकचकीत जुनी मोटारसायकल दिसली तर कौतुक जरूर करा, फोटोही काढा, पण चार गाड्यांचं अंतर ठेवून. तिचा मागचा लाल दिवा पेटला म्हणजे ती थांबली असं समजू नका. तिनं थांबायचा विचार सुरू केलाय, एवढाच त्याचा अर्थ आहे.